अशोक चौकाजवळचं चाचांचं सायकल दुकान : वर्षभर वापरून लिहिलेलं

मागच्या आठवड्यात गल्लीतल्या चौथ्या बाईनं मला थांबवून विचारलं, "टीचर, सायकल कुठनं घेतली? आन् बिघडली तर करून कोण देतंय?" चौघींना तेच उत्तर चार वेळा दिलं. आता एकदा लिहूनच ठेवते.

दुकान सोलापुरात, अशोक चौकातून अक्कलकोट रोडकडे जाताना लागतं. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडालीत, 'सायकल' एवढाच शब्द वाचता येतो. पुढचं नाव काय होतं असं चाचांना विचारलं की ते "त्याला काय करायचं, काम सांगा" म्हणतात. खूण हवी असेल तर दारातला कडुलिंब बघा, त्याच्या फांदीला जुने टायर टांगलेत. बुंध्याशी पाण्याचा माठ आहे, त्यावर अॅल्युमिनियमचा पेला साखळीनं बांधलाय. आत दहा बाय बाराची खोली. भिंतीवर रिमा, कोपऱ्यात फ्रेमा, खाली गोणपाट, आणि त्या गोणपाटावर गेली पस्तीस वर्षं बसणारे चाचा.

दुकान सकाळी सहाला उघडतं. हे सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण माझ्या दृष्टीनं या दुकानाची सगळी किंमत त्या वेळेत आहे. एमआयडीसीत यंत्रमागावर जाणारी माणसं त्या सुमाराला रस्त्यानं जायला लागतात. कुणाच्या कॅरिअरवर डबा, कुणाच्या मागे बायको. शहरातली बाकी दुकानं दहा-साडेदहाशिवाय शटर वर करत नाहीत. सकाळी पावणेसातला हवा गेली आणि दहापर्यंत थांबावं लागलं, तर मागावरच्या माणसाचा त्या दिवसाचा खाडा झाला. असे दोन खाडे पडले की तो माणूस हप्त्यावर मोटारसायकल घेतो, आणि ती घेतली की सायकल कायमची जिन्याखाली जाते. चाचा सहाला उघडतात म्हणून आमच्या भागात अजून सायकली दिसतात, असं मी अगदी विचार करून म्हणते.

माझं सांगायचं तर मी शिक्षिका. घर पूर्व भागात, शाळा सव्वातीन किलोमीटरवर, भरते सात-वीसला. आमच्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात दख्खनी हिंदी आणि शाळेत मराठी; सोलापुरात वाढलेल्याला यात काही नवल वाटणार नाही. आमचे नायना, म्हणजे वडील, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. बावीस इंची काळी सायकल, पुढच्या नळीवर मी, कॅरिअरवर भाऊ, अशी आमची वरात सिद्धेश्वरच्या तळ्यापर्यंत जायची. मी सायकल शिकले ती भाड्याची, तासाला एक रुपया. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला झुकवून चालवायचे. लग्नानंतर स्कूटर आली आणि पंचवीस वर्षं सायकलला हात लावला नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. रोज चालायला जा म्हणाले. पण सकाळी साडेसहाला घर सोडणाऱ्या बाईनं वेगळं चालायला कधी जायचं? शाळेला जाण्यातच चालणं नाहीतर सायकल बसवली तरच जमणार होतं.

म्हणून जूनमध्ये सायकल घ्यायला निघाले. मनात एक गिअरची, जाड टायरची सायकल होती, चौदा हजारांची. घेण्याआधी चाचांना विचारावं म्हणून दुकानात गेले. त्यांनी किंमत विचारली नाही की कंपनी विचारली नाही. पहिला प्रश्न, "टीचर, कुठनं कुठं जाणार?" दुसरा, "मागं काय असतंय? वह्या, भाजी, का पोरगं?" तिसरा, "साडीवर का पंजाबी ड्रेसवर?" मी उत्तरं दिली तेव्हा म्हणाले, "मग गिअर कशाला? आपलं गाव सपाट हाय. चढ म्हणजे पुलाचा, तेवढा उतरून चालत चढा. गिअरवालीला चेनकव्हर नसतंय. वढणी गेली चेनमधी की झालं."

नंतर मी स्वतः विचार केला तेव्हा त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. सोलापुरात वर्षातले आठ-नऊ महिने धूळ असते. गिअरची उघडी चेन आणि तिचे बारीक भाग धुळीनं माखतात, ते साफ ठेवायला सवड आणि हात दोन्ही लागतात. माझ्या वाटेला हवी होती ती बंद चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, मागच्या चाकाला साडीसाठी जाळी, मजबूत कॅरिअर, दोन पायांचं स्टँड आणि जोरात वाजणारी घंटी. चाचांनी एक जुनी लेडीज फ्रेम काढली, तिला नव्या रिमा, नवे टायर-ट्यूब, नवी चेन आणि फ्रीव्हील घातलं, आणि ३,२०० रुपये सांगितले. वर म्हणाले, "आठ दिवस चालवा, मग पैसे द्या. न्हाई जमली तर आणून लावा हितंच."

सीट बसवतानाची गोष्ट मी प्रत्येक बाईला सांगते. मी म्हटलं, सीट खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, मला वर बसवलं आणि टाच पायडलवर ठेवायला सांगितली. पायडल सगळ्यात खाली असताना पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग चालवताना आपण पायाचा पुढचा भाग ठेवतो, तेव्हा गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि जोर मांडीतून येतो. बायका घाबरून सीट खाली ठेवतात, गुडघे छातीशी येतात, दोन महिन्यांत दुखायला लागतात, आणि मग 'मला सायकल सोसत नाही' म्हणून ती भंगारात जाते. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, ही सवय मला चार दिवसांत लागली. गुडघे आजवर दुखलेले नाहीत.

आता पंक्चरबद्दल. आपल्याकडच्या मोकळ्या जागा म्हणजे सराट्याचं माहेरघर. पावसाळा सरला की तो पिवळी फुलं येणारा वेल सुकतो आणि काटे रस्त्याकडेला पसरतात. शिवाय बाभळीचा काटा आहेच. पहिल्या चार महिन्यांत माझी पाच पंक्चरं झाली आणि मी सायकल सोडायच्या बेतात होते. त्यातली दोन आधी दुसरीकडे काढली होती, दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत पुन्हा हवा गेली. चाचांनी टायर उघडला, ट्यूब बाजूला ठेवली आणि टायरच्या आतून बोटं हळूहळू फिरवली. दोन काटे अजून तिथेच होते, टोक जेमतेम आत आलेलं. बहुतेक जण ट्यूब चिकटवून घाईनं परत कोंबतात, आणि तोच काटा त्याच ट्यूबला दुसऱ्या जागी टोचतो. चाचा आधी काटा शोधतात. मग घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचे, जागा पुसून पॉलिश पेपरनं घासायची, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं, मग पट्टी. या थांबण्यात ते कधीच घाई करत नाहीत. समोरचा माणूस कितीही गडबडीत असला तरी "वाळू द्या" एवढंच. त्यांनी काढलेलं पंक्चर माझ्या सायकलला परत उघडलेलं नाही. एका पंक्चरचे ३० रुपये. पंप दारातच ठेवलाय, स्वतः हवा मारली तर पैसे घेत नाहीत.

एका सकाळी त्यांच्यासमोर टॉवेलचे गठ्ठे वाहणाऱ्या माणसाची काळी सायकल होती, मागचं चाक डुलत होतं. त्याला ते 'आउट काढणं' म्हणतात. चाक फिरवायचं, रिमच्या शेजारी खडू स्थिर धरायचा, रिम जिथे बाहेर येते तिथे खडूची रेघ उमटते. मग त्या रेघेपाशी एका बाजूचे आरे चावीनं पाव फेरा आवळायचे, दुसऱ्या बाजूचे तेवढेच सैल करायचे. पुन्हा फिरवायचं. मध्येच ते आऱ्यांवर नखानं टिचकी मारून आवाज ऐकतात. मी थांबून बघत होते म्हणून सांगितलं, "या जुन्या मोठ्या सायकलीला पुढं ३२ आरे आन् मागं ४०. वजन मागं असतंय ना." वर्गात बसून मी इतकी वर्षं बल आणि ताण शिकवते, त्या दिवशी ते मला चाकात दिसलं. पुढच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात चाक घेऊन गेले. चाचांनीच दिलं, दोन दिवसांच्या बोलीवर.

इथून पुढे जे लिहितेय ते दुकानाच्या कामाच्या थोडं पलीकडचं आहे, पण दुकानाशिवाय ते झालं नसतं.

ऑगस्टमध्ये वर्गात विचारलं, घर जवळ असून गाडीवर कोण येतं? निम्म्याहून जास्त हात वर झाले. त्यातली कितीतरी मुलं एक किलोमीटरच्या आतली. आणि ही कुणाची मुलं? आपल्याच गावातल्या माणसांची, जी कोजागरीला घरून निघून तुळजापूरपर्यंत पंचेचाळीस किलोमीटर रात्रभर चालत जातात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांना जाताना अनवाणी चालतात. चालणं आपल्याला नवीन नाही. देवासाठी रस्ता मोकळा होतो, पोलीस थांबतात, लोक सरबत वाटतात, म्हणून चालायची भीती वाटत नाही. शाळेच्या वाटेवर पोराला तसा मोकळा रस्ता मिळत नाही. पालकांना मी आळशी म्हणत नाही. त्यांना डंपरची भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे.

म्हणून आम्ही शनिवार धरला. शनिवारी कुणी गाडीवर यायचं नाही. चालणाऱ्या मुलांची एक रांग, तिच्यापुढे एक आई आणि मागे एक आई; ठरलेल्या चार ठिकाणी मुलं रांगेत मिळतात. लहानग्यांना एक लांब सुती दोर धरायला देतो, यंत्रमागावरूनच आणलेला. पाचवीपासून पुढची मुलं सायकलवर, मी त्यांच्या मागे. सुरुवातीला रांगेत नऊ मुलं होती. आता सव्वीस झालीत आणि शनिवारच्या जोडीला बुधवारही आलाय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पाच ते सतरा वयाच्या मुलांची रोज सरासरी तासभर तरी दमदार हालचाल व्हावी. शाळेला चालत जाऊन-येऊन त्यातला काही वाटा तर दप्तरासकट पदरात पडतो, त्यासाठी वेगळा क्लास लावावा लागत नाही.

पहिल्याच शनिवारी अडचण आली ती सायकलींची. अकरांपैकी सात सायकलींना ब्रेक धड नव्हते. एकाच्या हँडलची दांडी दाबली तर मुठीला टेकत होती, चाकाला ब्रेक लागतच नव्हता. मी चाचांकडे गेले. त्यांनी काही न विचारता सांगितलं, "शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर पाठवा सगळ्यांना." तेव्हापासून शुक्रवारी संध्याकाळी पोरांच्या सायकलींचा ब्रेक, हवा, घंटी आणि चेन ते फुकट तपासतात. फक्त सुटा भाग घातला तर त्याचे पैसे. पोरांना ते स्वतः तपासायला लावतात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा दाबून ढकला, चाक घासत गेलं पाहिजे, फिरता कामा नये. आता माझ्या वर्गातली मुलं दुसऱ्याची सायकल हातात घेतली तरी आधी हे करून बघतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर येतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा असेलच याची खात्री नाही. तेव्हा चाचांनी लाल आणि पांढऱ्या रेडियमचे तुकडे कापून प्रत्येक सायकलच्या मागच्या मडगार्डला आणि पायडलांना लावले. मी विचारलं, पायडलला कशाला? म्हणाले, "मडगार्ड थांबलेलं असतंय, पायडल वरखाली होतंय. हलणारी चमक डोळ्यात भरती." याचे त्यांनी दहा-दहा रुपये घेतले, आणि ते घ्यावेत असा आग्रह मीच धरला होता. फुकटात चालणारी सेवा एक दिवस बंद पडते.

त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बावन्न वर्षांच्या, विड्या वळणाऱ्या. पूर्व भागात राहायच्या तेव्हा विडी कारखान्याच्या ब्रँचला तंबाखू-पानं आणायला आणि विड्या द्यायला रोज चालतच जायच्या, डोक्यावर टोपली घेऊन. मग सोलापूरजवळच्या कुंभारीला हक्काचं घर मिळालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, विडी कामगार बायकांसाठी कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत तिथे २००६ साली उभी राहिली, आणि जवळच कामगारांच्या रे नगर वसाहतीतल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. घर मिळालं ही आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, पण लेकीचं घर, दवाखाना, बाजार सगळं लांब गेलं. पूर्वी पायी व्हायचं ते आता रिक्षाच्या पैशावर आलं. विड्यांच्या मजुरीत रोजची रिक्षा बसत नाही.

या बाईंना चाचांनी सायकल शिकवली, आणि ज्या रीतीनं शिकवली ती मी आधी कुठे बघितली नव्हती. सीट पार खाली घेतली आणि दोन्ही पायडल काढून टाकले. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतो, हे ठाऊक नसलेले लोक जोर लावून आटे मारून टाकतात.) पायडल नसलेल्या सायकलवर बसून पायांनी जमीन ढकलत जायचं, लहान मूल घोडा-घोडा करतं तसं. तीन दिवस एवढंच. चौथ्या दिवशी पाय जमिनीवरून सुटतात आणि तोल सापडतो, मग पायडल लावायचे. मागे कुणी धरून पळायला लागत नाही, पडायची भीती नाही, आणि चारचौघांत कुणी पुरुषमाणूस सायकल धरतोय हा संकोचही नाही. दुकानामागच्या मोकळ्या जागेत सकाळी साडेपाचला त्या शिकल्या. पाचव्या दिवशी त्या पूर्ण फेरी मारून आल्या तेव्हा तिथे आम्ही तिघी होतो, आणि मी सांगते, तिघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. सायकलचे पैसे त्या महिन्याला पाचशे असे देतात, चाचांच्या वहीत लिहिलेलं असतं. शिकण्यासाठी बायकांना पहिले चार दिवस सायकल फुकट, पुढे तासाला दहा रुपये.

३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये तो ठरवला. त्या दिवशी फेऱ्या निघतात, टोप्या-टीशर्ट वाटतात. मी एका फेरीत गेले होते, मुलांना घेऊन. फेरी छान झाली, मुलं आनंदली. पण परतताना माझा एक विद्यार्थी हवा गेलेली सायकल ढकलत भर उन्हात तीन किलोमीटर चालला, कारण वाटेत कुठेही सायकलचं पंक्चर काढणारा उघडा नव्हता. मोटारसायकलचे तीन भेटले, तिघांनीही "ही ट्यूब ठेवत नाही" म्हटलं. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. बिहारनं २००६ साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली आणि शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या खरोखर वाढली. आपल्या राज्यातही मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. हे सगळं हवंच. पण मी अशाही सायकली बघितल्यात ज्या एका छोट्याशा पंक्चरपासून गंजायला लागल्या. फेरी काढणाऱ्या मंडळांनी, वाढदिवसाला सायकली वाटणाऱ्या दानशूरांनी दर दहा सायकलींमागे एका मेकॅनिकच्या वर्षभराच्या कामाचे पैसे बाजूला काढले, तर त्या सायकली पुढच्या जूनलाही रस्त्यावर दिसतील. चाचांचा भाचा दुकानात हाताखाली असतो. तो मोबाइल दुरुस्ती शिकायला जायचं म्हणतोय, कारण यात भागत नाही. चाचा चौसष्टचे. मला रात्री झोप न येण्याइतकी याची काळजी वाटते.

आता तक्रारी. कौतुकच लिहिलं तर तुम्ही दुकानात जाऊन निराश व्हाल, आणि ते मला नको आहे.

सगळ्यात मोठी तक्रार फुटपाथची. मुलांच्या रांगेसाठी मी आमच्या वाटेवरचा फुटपाथ शिवणकामाच्या टेपनं मोजला होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे दोन माणसं शेजारून जाऊ शकतील. आमच्या वाटेवर कुठे विजेची पेटी, कुठे फलक, कुठे रचलेल्या विटा. आणि मोजत मोजत आले तर सगळ्यात अरुंद जागा निघाली चाचांच्याच दुकानासमोर. दुरुस्तीच्या सायकलींच्या दोन रांगा, मधून उरलेली वाट जेमतेम अडीच फूट. लहान मुलं तिथे रस्त्यावर उतरत होती. मी त्यांना टेप दाखवला. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीत लोखंडी हूक ठोकलेले होते आणि फ्रेमा वर लटकत होत्या. आता सकाळी एकच रांग असते, भिंतीला लागून. पण संध्याकाळी गर्दीत दुसरी रांग अजून लागते, आणि मी अजून सांगते.

दुसरं, दिलेला वेळ. पंक्चर, ब्रेक, चेन ही कामं समोर बसून होतात. पण पूर्ण सायकल खोलून ग्रीस भरायचं काम (मजुरी ३५०, सुटे भाग वेगळे) 'परवा घ्या' म्हणून सांगितलं तर पाच दिवस धरा. मागावरच्या माणसाची सायकल आली की तुमचं काम बाजूला जातं. मला हे मान्य आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.

तिसरं, ब्रेकची रबरं. न सांगितलं तर स्वस्तातली घालतात, ती तीन महिन्यांत दगडासारखी कडक होतात आणि पावसात घसरतात. 'चांगली घाला' असं तोंडानं म्हणायचं, वीस-पंचवीस रुपये जास्त पडतात. भाच्याच्या हातचं काम असेल तर सीटचा बोल्ट तिथेच ओढून बघा. माझी सीट एकदा रस्त्यात फिरली होती. चाचांनी परत बोलावून स्वतः आवळून दिली, पैसे घेतले नाहीत. पावती मिळत नाही, वहीत लिहिलं जातं. हेल्मेट आणि बॅटरीचे दिवे ठेवत नाहीत, ते तुम्हाला नवी पेठेत बघावे लागतील. मी मागे लागलेय, निदान मागचा लाल दिवा तरी ठेवा म्हणून.

आणि एक, त्यांचं बोलणं तुटक आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला रागावल्यासारखं वाटतं. "तेल कधी घातलं होतं? खोबरेल घातलं का? खोबरेल डोक्याला असतंय, चेनला न्हाई." मनावर घेऊ नका, चेनला मशीनचं तेल घाला.

उन्हाळ्यात, म्हणजे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा, ते दुपारी बारा ते चार काम करत नाहीत. त्या दिवसांत सायकल उन्हात उभी करू नका असं प्रत्येकाला बजावतात, जुन्या ट्यूबची पट्टी उष्णतेनं सुटते. माठ मात्र भरलेला असतो, चालत जाणाऱ्यांसाठीही.

जायचं असेल तर सकाळी सहा ते आठ टाळा, ती वेळ कामगारांची. नऊनंतर निवांत बोलता येतं. सायकल विकत घ्यायची असेल तर तुमची रोजची वाट, ओझं आणि कपडे सांगा, कंपनीचं नाव सांगू नका. शिकायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप ठेवा, म्हणजे पायडल काढून ठेवतात. पैसे रोख किंवा मोबाइलवर, दोन्ही चालतं. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच नमाजासाठी बंद, आणि पाचनंतर दारात पोरांची रांग असते. त्या वेळी गेलात तर थोडं थांबावं लागेल.